स्वेतलाना : कवितेत जन्मलेले नाव

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



स्वेतलाना हे नाव आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे. ते इतके रशियन वाटते की शेकडो वर्षे रशियातल्या खेड्यापाड्यांत आया आपल्या मुलींना याच नावाने हाक मारत आल्या असतील, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी या नावाची एकही बाई रशियात नोंदलेली सापडत नाही. हे नाव एका कवीने घडवले, दुसऱ्याने गाजवले, चर्चने शंभरावर वर्षे ते दाराबाहेर ठेवले, आणि विसाव्या शतकात ते घराघरांत पोहोचले. नावाला मोल कशाने येते, या प्रश्नाचे उत्तर शोधायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आधी तेव्हाची रीत समजून घेऊ. आपल्याकडे बारशाच्या आधी पंचांग उघडून चरणाक्षर पाहतात. रशियातला पाद्री बाप्तिस्म्याच्या वेळी संतांची दिनदर्शिका उघडत असे. मूल ज्या सुमारास जन्मले त्या दिवसांतल्या एखाद्या संताचे नाव त्याला मिळे, आणि त्या संताचा दिवस हा त्याचा नामदिन होई. त्यामुळे रशियन नावे बहुतांशी ग्रीक, हिब्रू किंवा लॅटिन वळणाची आहेत. येकातेरिना, मारिया, अन्ना, येलेना ही सगळी बाहेरून आलेली. जुनी स्लाव्ह नावे टिकली ती फक्त ज्यांना संतपद लाभले त्यांची. व्लादिमिर टिकले, कारण किएव्हच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तो संत ठरला. ल्युदमिला टिकले, कारण बोहेमियाची ती राजस्त्री ९२१ मध्ये मारली गेली आणि हुतात्मा मानली गेली. दिनदर्शिकेत नाही ते नाव मुलीला देता येत नसे.

अशा काळात, १८०२ च्या सुमारास, अलेक्सान्द्र वोस्तोकोव या तरुण कवीने जुन्या वीरगाथांच्या धाटणीचे एक काव्य रचले आणि त्याच्या नायिकेला नाव दिले स्वेतलाना. 'स्वेत' म्हणजे प्रकाश. आपला 'श्वेत' शब्दही त्याच प्राचीन मुळातून आलेला आहे. वोस्तोकोव हा जन्माने बाल्टिक जर्मन. त्याचे मूळ आडनाव ओस्टेनेक. त्यातल्या 'ओस्ट' म्हणजे पूर्व या शब्दाचे रशियन रूप घेऊन त्याने स्वतःचे नाव बदलले. पुढे तो जुन्या स्लाव्ह भाषेचा थोर अभ्यासक झाला, आणि अकराव्या शतकातले 'ओस्त्रोमिर शुभवर्तमान' त्याने १८४३ मध्ये संपादित करून छापले. भाषेच्या मुळांवर इतके प्रेम असलेल्या माणसाने घडवलेला शब्द कानाला जुना वाटावा, हे स्वाभाविकच होते.

मात्र नावाला पंख दिले वासिली झुकोव्स्कीने. हा कवी १७८३ चा. वडील बुनिन नावाचे जमीनदार, आई युद्धात पकडून आणलेली तुर्की स्त्री. विवाहबाह्य जन्मामुळे वडिलांचे आडनाव त्याला मिळाले नाही. धर्मपित्याने आपले दिले. मराठी श्रोत्यांना त्याची आणखी एक ओळख सांगायला हवी. महाभारतातले नलदमयंतीचे आख्यान जर्मन अनुवादावरून रशियन पद्यात आणणारा कवी तो हाच.

गॉटफ्रिड ब्यूर्गर या जर्मन कवीची 'लेनोर' ही १७७३ ची कथाकविता युरोपभर गाजली होती. प्रियकर युद्धाहून परतत नाही म्हणून मुलगी देवाला बोल लावते. रात्री तो येतो, तिला घोड्यावर घेऊन निघतो, आणि ती प्रेताबरोबर थडग्यापाशी पोहोचते. झुकोव्स्कीने १८०८ मध्ये ही कथा रशियन वेषात लिहिली आणि नायिकेचे नाव ठेवले ल्युदमिला. तिचा शेवटही थडग्यातच झाला. पण या कथेने कवीला सोडले नाही. त्याने ती पुन्हा लिहायला घेतली. १८१३ मध्ये छापली गेलेली ती कविता म्हणजे 'स्वेतलाना'.

इथे सगळे रशियन आहे. जानेवारीतल्या प्रभुप्रकाशाच्या सणाची आदली रात्र. मुली भविष्य पाहायला जमल्या आहेत. स्वेतलाना मेणबत्ती लावून आरशासमोर बसते, कारण आपला होणारा नवरा त्या रात्री आरशात दिसतो अशी लोकांची समजूत. वर्षभर ज्याची खबर नाही तो प्रियकर येतो आणि तिला घसरगाडीत बसवतो. वाटेत बर्फाचे वादळ, चर्चमध्ये शवपेटी, निर्जन झोपडीत प्रेत. आणि मग ती जागी होते. ते सगळे स्वप्न होते. सकाळी अंगणात घंटांचा आवाज येतो आणि प्रियकर खराखुरा, जिवंत परत येतो. ल्युदमिलाने देवाशी भांडण मांडले, स्वेतलानाने विश्वास सोडला नाही. एकीला मरण मिळाले, दुसरीला माणूस परत मिळाला.

या कवितेने रशियाला वेड लावले. पुश्किनने 'येव्गेनी ओनेगिन'च्या पाचव्या प्रकरणाच्या माथ्यावर तिच्यातल्या ओळी घातल्या. कार्ल ब्र्युलोवने १८३६ मध्ये आरशासमोर बसलेली स्वेतलाना रंगवली. मुलींना मात्र हे नाव देता येत नव्हते, म्हणून ते इतर वाटांनी फिरू लागले. १८१५ मध्ये 'अर्झामास' हे साहित्यमंडळ निघाले. त्याचे सदस्य झुकोव्स्कीच्या कवितांमधून टोपणनावे घेत, आणि तिथे 'स्वेतलाना' हे नाव होते खुद्द झुकोव्स्कीचे. ज्या नातलग मुलीला त्याने ही कविता अर्पण केली होती, त्या अलेक्सान्द्रा प्रोतासोवालाही मित्रमंडळी स्वेतलाना म्हणत. कवितेचा शेवट सुखात झाला. अलेक्सान्द्राचे लग्न दुःखाचे ठरले, आणि १८२९ मध्ये इटलीत ती अकाली गेली.

त्यानंतर हे नाव समुद्रावर गेले. रशियन नौदलाच्या एका युद्धनौकेला 'स्वेतलाना' नाव मिळाले. झुकोव्स्की हा राजपुत्राचा शिक्षक. तो राजपुत्र पुढे झार दुसरा अलेक्सान्द्र झाला. या झारचा मुलगा अलेक्सेय प्रेमात पडला तो झुकोव्स्कीच्याच मुलीच्या. राजघराण्याला ते मान्य नव्हते. १८७१ मध्ये अलेक्सेय दूरच्या सफरीवर निघाला तो 'स्वेतलाना' जहाजावरून, कवीच्या मुलीला मागे ठेवून कवीच्याच नायिकेच्या नावावर बसून. हे जहाज १८७३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्लादिवोस्तोकला लागले, आणि शहराने आपल्या मुख्य रस्त्याचे नाव बदलून स्वेतलान्स्काया केले. सोव्हिएत काळात तो लेनिन रस्ता झाला. १९९२ मध्ये जुने नाव परत आले. आजही त्या शहराचा मुख्य रस्ता हाच. पीटर्सबर्गमध्ये १९१३ पासून विजेच्या दिव्यांवरही 'स्वेतलाना' हीच मुद्रा होती. कविता, जहाज, रस्ता, दिवा. शंभर वर्षांत हे नाव सगळीकडे पोहोचले. फक्त पाळण्यापाशी त्याला अटकाव होता.

तो अटकाव क्रांतीने काढला. १९१८ च्या आरंभी धर्म आणि शासन वेगळे झाले. मुलाची नोंद आता सरकारी कचेरीत होऊ लागली आणि आईबापांना हवे ते नाव ठेवण्याची मोकळीक मिळाली. त्या उत्साहात विलक्षण नावे निघाली. क्रांतीच्या महिन्यावरून ओक्त्याब्रिना, व्लादिमिर लेनिन जोडून व्लादलेन, लेनिन उलटे वाचून निनेल. त्यातली बहुतेक एका पिढीत मावळली. स्वेतलाना टिकले. याचे कारण मला असे दिसते की ते दोन्ही बाजूंना चालण्यासारखे होते. ज्यांना धर्माचा शिक्का नको होता त्यांना ते मोकळे वाटले, आणि ज्यांना घोषणाबाजी नको होती त्यांना ते आपल्या मातीतले वाटले. उजेडाचा अर्थ तर उघडच होता, आणि खेडोपाडी वीज नेणे हे त्या काळाचे मोठे स्वप्न होते.

१९२६ मध्ये स्टालिनच्या घरात मुलगी जन्मली. तिचे नाव स्वेतलाना ठेवले. १९३६ मध्ये अर्कादी गाइदारच्या 'निळा कप' या लाडक्या बालकथेत छोटी स्वेतलाना आली. मग हे नाव पसरतच गेले, आणि युद्धानंतरच्या दशकांत रशिया, युक्रेन, बेलारूस या तिन्ही भूमींत ते अगदी नेहमीचे झाले. चर्चही बदलले. येशूला विहिरीपाशी भेटलेली शोमरोनी स्त्री पूर्वेकडच्या परंपरेत फोतिनी म्हणून ओळखली जाते. या ग्रीक नावातही प्रकाशच आहे. स्वेतलाना हे फोतिनीचेच रूप मानून १९४३ मध्ये चर्चने ते आपल्या दिनदर्शिकेत घेतले. कवीच्या कल्पनेतल्या मुलीला शेवटी संत मिळाली.

आता ज्यांनी हे नाव प्रत्यक्ष वाहिले त्यांच्याकडे वळू.

पहिली अर्थात स्टालिनची मुलगी, स्वेतलाना अलिलुयेवा. ती सहा वर्षांची असताना आई गेली. वडिलांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिने त्यांचे आडनाव टाकून आईचे घेतले. मॉस्कोत तिची भेट ब्रजेश सिंह या भारतीय कम्युनिस्टाशी झाली. दोघांना लग्नाची परवानगी मिळाली नाही. १९६६ मध्ये ब्रजेश सिंह वारले, आणि त्यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली. उत्तर प्रदेशातल्या कालाकांकर या त्यांच्या गावी, गंगेच्या काठी, ती राहिली. तिला इथेच राहायचे होते, पण आपले सरकार राजी नव्हते. ६ मार्च १९६७ रोजी ती दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासाच्या पायऱ्या चढली. त्या पावलाने जगभर खळबळ उडाली. पुढे अमेरिकेत लग्नानंतर ती लाना पीटर्स झाली, आणि २०११ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये वारली. आडनावे तिने आयुष्यभर बदलली: बापाचे, आईचे, नवऱ्याचे. तिला हवे होते ते एकच, आपल्याला आपल्यामुळे ओळखले जावे. ते तिला अखेरपर्यंत पुरतेपणी लाभले नाही.

दुसऱ्या दोघी एकाच वर्षी, १९४८ मध्ये जन्मल्या.

स्वेतलाना सावित्स्काया हवाईदलाच्या मार्शलची मुलगी. १९७० मध्ये विमानाच्या कसरतींत ती जगज्जेती झाली. १९८२ मध्ये ती सल्यूत-७ या अंतराळस्थानकावर पोहोचली, अंतराळात जाणारी जगातली दुसरी स्त्री म्हणून. तिथे आधीच असलेल्या सहकाऱ्यांनी तिच्यापुढे स्वयंपाकाचा एप्रन धरला होता, असे सांगतात. २५ जुलै १९८४ रोजी ती त्याच स्थानकाच्या बाहेर पडली आणि साडेतीन तासांहून अधिक वेळ पोकळीत राहून तिने धातू कापण्या-जोडण्याचे काम केले. अंतराळयानाबाहेर काम करणारी ती पहिली स्त्री. सल्यूत-७ हे नाव आपल्यालाही परिचित आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा तिथे राहून आले होते.

आणि स्वेतलाना अलेक्सियेविच. वडील बेलारूसी, आई युक्रेनी, लेखन रशियनमध्ये. तिने एक वेगळीच वाट धरली. माणसांपाशी तासन् तास बसायचे, ऐकायचे, आणि त्यांच्याच बोलण्यातून पुस्तक रचायचे. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या स्त्रियांवरचे तिचे पुस्तक १९८५ मध्ये आले. त्यानंतर अफगाण युद्धातल्या सैनिकांच्या आया, चेर्नोबिलची माणसे, कोसळलेल्या सोव्हिएत संघाची माणसे. २०१५ मध्ये तिला साहित्याचे नोबेल मिळाले.

तिचे १९९७ चे चेर्नोबिलवरचे पुस्तक उघडते एका विधवेच्या बोलण्याने. अणुभट्टीची आग विझवायला गेलेल्या जवानाची ती तरुण पत्नी. तिचे नाव ल्युदमिला. नवऱ्याजवळ जाऊ नकोस, असे सगळे सांगत असताना ती मॉस्कोच्या इस्पितळात त्याच्या उशाशी राहिली. जस्ताच्या पेटीत त्याला पुरावे लागले. झुकोव्स्कीने ल्युदमिला आणि स्वेतलाना यांना दोन टोकांना ठेवले होते: एक देवाला बोल लावून मेलेली, दुसरी विश्वासाने तरलेली. या पुस्तकात त्या एकमेकींसमोर बसल्या आहेत. एक बोलते, दुसरी ऐकते आणि लिहून घेते. इथे ल्युदमिलाने देवाला बोल लावले तर तिला कोणी दोषी ठरवणार नाही. मला वाटते, हे नाव ज्या कवितेने गाजवले तिला मिळालेले सर्वांत मोठे उत्तर हेच आहे.

अलेक्सियेविच आणखी एक गोष्ट करते. त्या पुस्तकात बहुतेक कथनांखाली ते सांगणाऱ्या माणसाचे नाव आणि ती व्यक्ती कोण, हे येते. कोणी बायको, कोणी आई, कोणी शिक्षिका. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना जागा नसते त्यांची नावे ती छापून घेते.

श्रोतेहो, या सगळ्यातून माझा निष्कर्ष असा. नावाला प्रतिष्ठा ना दिनदर्शिका देते, ना राजसत्ता. ती देतात नाव वाहणारी माणसे. स्वेतलानाला परंपरा नव्हती. स्त्रियांनी आपल्या कामाने आणि दुःखाने ती उभी केली.

आपल्याकडे मात्र उलटे घडत आले: नाव वाहणाऱ्या स्त्रिया होत्या, त्यांची नावेच पुसली गेली. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहायचे आणि मुलीचे जन्माचे नाव त्या क्षणी संपवायचे, ही रीत आपल्या अनेक घरांत होती. जुने कुलवृत्तान्त चाळा. पुरुषांच्या दहा-दहा पिढ्या सापडतात, त्यांच्या आया-बहिणींची नावे सापडत नाहीत. म्हणून माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर आपल्या आजीचे, पणजीचे माहेरचे नाव विचारा आणि लिहून ठेवा. ते सांगू शकणारे कोणी घरात आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.