पार्श्वसंगीत आणि न बोललेली नाती



कामगार चळवळीतल्या माणसाला या व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो मजुरी, महागाई आणि बोनस यांवर बोलणार, असे आपण गृहीत धरून आला असाल. आम्ही मात्र आज चित्रपटांतील पार्श्वसंगीतावर बोलणार आहोत. हा विषय का निवडला, याला एक कारण आहे. ते शेवटी सांगू. आम्ही संगीतशास्त्र शिकलेलो नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकणे झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि चित्रपटगृहाच्या अगदी पुढच्या, स्वस्त तिकिटाच्या रांगांत. तेव्हा शास्त्राची परिभाषा आपण आमच्याकडून अपेक्षू नये. जे कानांनी ऐकले आणि ज्याचा पुढे विचार केला, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या लहानपणी या सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा कोणता आणि नरसिंग गिरजीचा कोणता, हे पोराटोरांनाही कळे. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आई चुलीवर तवा ठेवी, कारण वडील आता घराकडे निघाले हे त्या आवाजाने तिला सांगितलेले असे. शेजारच्या घरचा माणूस त्या गिरणीत नव्हता. तोच भोंगा ऐकून त्या घरात कोणी जागचे हलत नसे. आवाज एकच, पण ज्याचे त्या आवाजाशी नाते असेल त्यालाच तो काही सांगे. चित्रपटात संगीतकार नेमके हेच करतो, असे आमचे मत आहे.

एखादी लहानशी सुरावट घ्यायची, चारसहा स्वरांचीच, आणि ती एका पात्राशी, एका वस्तूशी किंवा एका आठवणीशी बांधून टाकायची. पुढे ते पात्र समोर नसले तरी सुरावट वाजली की प्रेक्षकाला त्याची आठवण होते. जर्मनीत वाग्नर नावाच्या संगीतकाराने ही रीत फार मोठ्या प्रमाणावर वापरली. त्याची चार भागांची प्रचंड संगीत-नाट्यमालिका 1876 साली प्रथम सलग रंगभूमीवर आली. तिच्यात अंगठीला, तलवारीला, शापालासुद्धा स्वतःची सुरावट आहे. जर्मन भाषेत या प्रकाराला ‘लाइटमोटिफ’ म्हणतात. आपण तिला खुणेची सुरावट म्हणू.

या सुरावटीचे काम तीन पायऱ्यांनी होते. प्रथम ती स्पष्ट ऐकवावी लागते, म्हणजे ती कोणाची हे मनात ठसते. मग ती बदलून येते. बासरीवर होती ती व्हायोलिनवर जाते, जलद होती ती संथ होते, आणि त्या माणसाचे दिवस पालटले हे आपल्याला कळते. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. एकाची सुरावट दुसऱ्याच माणसाच्या चेहऱ्यावर वाजते. तेथे संवाद नसतो, पण या दोघांचे काही नाते आहे हे प्रेक्षक ओळखतो. कित्येकदा त्या पात्रांच्याही आधी ओळखतो.

आपल्या मराठीतले एक जुने उदाहरण घेऊ. 1937 साली प्रभातने ‘कुंकू’ काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची. म्हाताऱ्या काकासाहेबांशी तरुण नीरेचे लग्न फसवून लावले जाते आणि ती हे लग्न मानायचेच नाकारते. या चित्रपटात गाणी आहेत, पण पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घरातले आणि रस्त्यावरचे खरेखुरे आवाज तेवढे आहेत. त्यांतच भिंतीवरचे एक जुने घड्याळ आहे. ते काकासाहेबांचे घड्याळ, आणि हळूहळू ते काकासाहेबच होऊन बसते. नीरेपाशी पुढचे सारे आयुष्य आहे, त्यांच्यापाशी उरलेले थोडे दिवस. हे अंतर वाद्यावाचून लंबकाने सांगितले. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खूण पटवायला मोठा वाद्यमेळ लागत नाही. आवाज योग्य ठिकाणी, योग्य माणसापाशी परत आला म्हणजे पुरे.

आता हिंदीकडे वळू. 1973 सालचा ‘यादों की बारात’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. आईबापांचा खून होतो आणि तीन भावांची ताटातूट होते. लहानपणी घरात म्हटलेले एक गाणे, एवढीच त्यांची शिदोरी. धाकटा मोठेपणी हॉटेलात ते गाणे म्हणतो आणि त्यावरून मधला भाऊ त्याला ओळखतो. येथवर गोष्ट सरळ आहे. पण थोरला भाऊही ते ऐकत असतो, आणि त्याला पुढे होऊन ‘मी तुमचा’ असे म्हणता येत नाही, कारण तो गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला आहे. गाणे तिघांचे आहे, उत्तर दोघेच देतात. आम्ही हा चित्रपट पाहताना बहुतेकांच्या डोळ्यांत पाणी येते ते दोघे भेटले म्हणून नव्हे, तिसरा गप्प राहिला म्हणून. राहुलदेव बर्मन यांच्या चालीने कुळाच्या नावाचे काम केले. संपात ज्यांची घरे फुटली आणि पोटासाठी ज्यांचे भाऊ मुंबई-भिवंडीला पांगले, त्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही.

याच संगीतकाराचा ‘शोले’ 1975 सालचा. त्यात जय नावाचा भाडोत्री तरुण संध्याकाळी ओट्यावर बसून माउथ ऑर्गन वाजवतो. समोर ठाकुराच्या हवेलीत त्याची विधवा सून राधा एकेक दिवा मालवीत जाते. दोघांत प्रेमाचा एक शब्द होत नाही. व्हायचा कसा? ती विधवा आणि हा तुरुंग पाहून आलेला. त्या घराच्या रीतीप्रमाणे त्यांची नावे एका वाक्यात घेणेसुद्धा कठीण. जे वाक्य माणसांना उच्चारता येत नव्हते ते त्या लहानशा वाद्याने म्हटले. जय मरतो तेव्हा राधेचे काय गेले, हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि सांगावेही लागत नाही. तिचे दुःख प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि ते त्याला सुरावटीने कळवलेले असते.

1980 सालच्या ‘कर्ज’मध्ये हीच युक्ती पुनर्जन्माला लावली आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर हे आपले मराठी गृहस्थ. खून झालेला नवरा आणि पुढच्या जन्मीचा गवई, चेहरे वेगळे, पण गिटारीची धून एक. ती धून तरुणाला जुने स्मरण देते आणि खून करणाऱ्या बाईच्या काळजात धडकी भरवते. एकच सुरावट एकाला ओळख आणि दुसरीला आरोप.

काही विद्वान म्हणतात की पार्श्वसंगीत म्हणजे प्रेक्षकाला ‘आता रडा, आता हसा’ असा हुकूम आहे. पुष्कळ चित्रपटांत तसे घडते, हे आम्हांला मान्य आहे. पण खुणेची सुरावट हुकूम करीत नाही. ती साक्ष देते. जे नाते समाज कबूल करीत नाही त्याची ती साक्षीदार असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. करमाळा तालुक्यातले नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला आणि त्याचे बरेच चित्रण त्याच तालुक्यातले. आर्ची पाटलाची लेक, परश्या मासे धरणाऱ्याचा पोर. गावात त्या दोघांची उंची एक नाही. पण अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य पद्धतीचा भव्य वाद्यमेळ अमेरिकेत, लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित करवून या दोघांच्या मागे उभा केला. परश्या आर्चीला पाहायला विहिरीकडे पळतो, तेव्हा एखाद्या राजपुत्रामागे वाजावीत अशी व्हायोलिने त्याच्या मागे वाजतात. गावाने जी बरोबरी नाकारली ती संगीताने दिली. चारही गाणी पूर्वार्धात येऊन जातात. पुढे ती दोघे हैदराबादेला पळतात, तेथे झोपडपट्टीत राहतात, ती कारखान्यात कामाला जाते. आणि गाणी पुन्हा येत नाहीत. शेवटी माहेरची माणसे भेटी घेऊन येतात आणि दोघांचा खून होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले तान्हे पोर परत येते, ते दृश्य पाहते आणि रक्ताची पावले उमटवीत बाहेर जाते. तेव्हा सूर नाही, रडणेसुद्धा ऐकू येत नाही. ज्या दोघांना संगीताने जोडले होते ती गेली, म्हणून संगीतानेही तोंड मिटले.

त्या खेळाला आमच्याबरोबर यंत्रमागावर तीस वर्षे काढलेला एक जुना सहकारी होता. बाहेर आल्यावर त्याने विचारले, “शेवटी काय वाजत होतं?” आम्ही म्हटले, “काही नाही.” त्याचा विश्वास बसेना. तो म्हणाला, “मला वाटलं, माझे कान पुरते गेले. म्हणून गप बसलो.”

श्रोतेहो, मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या माणसाचे कान एकदम जात नाहीत. आधी बारीक, उंच सूर जातात. ढोलकी ऐकू येते, हलगी ऐकू येते. बासरी आणि व्हायोलिनचा वरचा सूर येत नाही. बोलण्यातले ‘स’ आणि ‘त’ गळतात, नातवंडांचे बोलणे तुटक होते. आणि एकदा गेलेले हे ऐकणे परत येत नाही. म्हणजे गोष्टीतला जो भाग केवळ सुरांनी सांगितलेला असतो, नेमका तोच त्याच्यापासून काढून घेतला जातो.

आता सुरुवातीला राखून ठेवलेले कारण सांगतो. प्रत्येक कामगाराला कानांत घालायचे बोळे द्यावेत आणि वर्षातून एकदा कानांची तपासणी व्हावी, ही मागणी घेऊन आम्ही एका मालकाकडे गेलो होतो. त्यांनी हसून विचारले, “तुमच्या माणसांना कान शाबूत ठेवून काय गाणी ऐकायची आहेत?” त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही मजुरीचे आकडे सांगितले आणि उठलो.

आजचे हे व्याख्यान ते उत्तर आहे. होय, आमच्या माणसांना गाणी ऐकायची आहेत. जयचा माउथ ऑर्गन ऐकायचा आहे, थोरल्या भावाचे गप्प राहणे ऐकायचे आहे. आणि ‘सैराट’च्या शेवटी जी शांतता आहे ती चित्रपटाची आहे की आपल्या कानांची, हे प्रत्येकाला ओळखता यावे, एवढीच आमची मागणी आहे.