पुठ्ठ्याचा संगणक

वेबसाइटचे पान कसे रचावे हे आम्ही पन्नाशीनंतर शिकू लागलो. आमचे खरे गुरू स्कँडिनेव्हियातील छपाई कामगार. १९८१ साली त्यांच्या संघटनांनी संशोधकांसह ‘युटोपिया’ प्रकल्प काढला. यंत्र घडण्याआधीच लाकडापुठ्ठ्याचे संगणक मांडून कामगार त्यांपुढे काम करून पाहत. पुठ्ठा बदलायला कितीसा खर्च!

आम्हीही थकलेल्या मजुरीच्या तक्रारीचे पान कागदावर काढले, एका यंत्रमाग कामगारापुढे ठेवले आणि गप्प बसलो. (पुढाऱ्याला हे जड जाते.) ‘पुढे’ लिहिलेले बटण त्याला सापडेना. “माझंच चुकतंय, साहेब,” तो तीनदा म्हणाला. चूक आमची होती. बटण खोडून ठळक काढले आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाला बोलावले.