माथ्यावरची गंगा
(तुर्भे येथील अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तनाचे शब्दांकन)

अभंग सगळ्यांनी मिळून म्हटला, टाळकऱ्यांनी छान साथ दिली. आता चिंतनाला बसू या. आज गंगा घ्यायची आहे. कारण सप्ताह बसल्यापासून मला एकच प्रश्न येतोय. काकड्याला येतो, पंगतीत येतो. "महाराज, पुढच्या वर्षी केदारनाथ करायचं मनात आहे, पण भीती वाटते. तिकडं दरवर्षी काहीतरी होतंय. देव कोपलाय का?"

प्रश्न लहान नाही, मायबाप. सावकाश उत्तर देतो.

आधी गंगा खाली आली कशी, ते बघा. सगर राजाचे साठ हजार पुत्र भस्म झाले. त्यांचा उद्धार व्हायला गंगा पाहिजे. अंशुमानानं तप केलं आणि तप करता करता गेला. दिलीपानं केलं, तोही गेला. मग भगीरथ उभा राहिला. गंगा प्रसन्न झाली, पण म्हणाली, "येते रे बाळा, माझा वेग सोसणार कोण? मी एकदम आले तर पृथ्वी फोडून पाताळात जाईन." तेव्हा महादेव पुढं झाले. त्यांनी सगळी गंगा जटेत घेतली, जिरवली, आणि मग एक बट मोकळी करून हळूहळू खाली सोडली.

इथं माथाडी मंडळी किती बसलीत? हात वर करा बरं. बघा, अर्धा मंडप! अहो, शंकर हा पहिला माथाडी. सगळ्या जगाचं ओझं त्यानं माथ्यावर घेतलं. (हशा) हसू नका, खरं सांगतो. चांगला माथाडी पोतं दाणकन टाकतो का? नाही. वाकतो, तोल सांभाळतो आणि थप्पीवर अलगद ठेवतो. ओझं उचलण्यात ताकद लागते, पण उतरवण्यात शहाणपण लागतं. महादेवाचं मोठेपण त्यात आहे. त्यांनी गंगा धरून ठेवली, आणि बेतानं सोडली.

आता विचाराल, ती जटा आज कुठं आहे? डोळ्यांनी दिसते, मायबाप. गंगोत्रीच्या वर गोमुख आहे. तिथून मागं तीसेक किलोमीटर लांबीची हिमनदी पसरली आहे. हिमनदी म्हणजे काय? हिवाळ्यात बर्फ पडतो, त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा. दाबून दाबून त्याचा दगडासारखा घट्ट बर्फ होतो आणि स्वतःच्याच भारानं तो मुंगीच्या पावलानं उताराला सरकतो. हिवाळ्याचं पाणी ती धरून ठेवते आणि उन्हाळ्यात थोडं थोडं सोडते. जटेचं काम दुसरं काय होतं?

याची किंमत आपल्याला लवकर कळेल. आपली गोदावरी, कृष्णा, भीमा, इंद्रायणी या सगळ्या सह्याद्रीच्या लेकी. सह्याद्रीवर बर्फ नाही. पाऊस पडला तर पाणी. वैशाखात पंढरीला जा, चंद्रभागेत पाण्यापेक्षा वाळवंट जास्त. वरून धरणाचं पाणी सोडलं तर स्नान. आणि त्याच वैशाखात हरिद्वारला जा. पाऊस अजून महिना-दीड महिना लांब आहे, तरी गंगा खळाळते. सगळीच गंगा बर्फाची आहे असं म्हणत नाही मी. खाली मैदानात पावसाचं आणि झऱ्यांचंच पाणी जास्त. पण वर पहाडात, ऐन उन्हाळ्यात, आधार असतो तो वितळत्या बर्फाचा.

ही जटा आता विरळ होत चाललीय. गोमुखाची मोजणी 1935 पासून झालेली आहे. तेव्हापासून बर्फाचं टोक मागं मागं चाललंय. कधी जास्त, कधी कमी, पण सरासरी धरली तर वर्षाला 20 मीटरच्या आसपास. काठमांडूला हिमालयाच्या अभ्यासाची एक संस्था आहे, इसीमोड नावाची. आपल्यासह 8 देश तिचे सभासद आहेत. त्यांनी 2023 साली सांगितलं की, 2011 ते 2020 या दहा वर्षांत हिमालयाच्या रांगांमधला बर्फ त्याआधीच्या दहा वर्षांपेक्षा 65 टक्के जास्त वेगानं गेला.

का गेला? कोळसा जाळला, डिझेल-पेट्रोल जाळलं, त्याच्या वायूची गोधडी पृथ्वीभोवती बसली. शे-दीडशे वर्षांत पृथ्वी एका अंशाहून अधिक तापली. कुणी म्हणेल, एका अंशानं काय होतंय? अहो, शून्याच्या अर्धा अंश खाली असेल तर तो बर्फ, आणि अर्धा अंश वर गेला की पाणी! त्यात भर म्हणून धुराची काजळी उडत जाते आणि पांढऱ्या बर्फावर बसते. काळा सदरा घालून उन्हात उभे राहा, मग बर्फाला काय होत असेल ते कळेल. इथं मार्केटात बर्फाची लादी आली तर तुम्ही तिला गोणपाटात गुंडाळता, सावलीला ठेवता. दहा-वीस रुपयांच्या बर्फाची एवढी काळजी, आणि महादेवाची लादी आपण उन्हात टाकून दिली!

आता केदारनाथ. जून 2013. पाऊस नेहमीपेक्षा लवकर आला आणि 15 ते 17 जून असा कोसळला की पहाड मोकळा झाला. मंदिराच्या वर दोनेक किलोमीटरवर चोराबारी हिमनदीच्या कुशीला एक तळं होतं. 1948 साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथं विसर्जित झाला, म्हणून त्याला गांधी सरोवर म्हणत. त्या तळ्याला बांध कसला होता? हिमनदी मागं सरताना कडेला दगडमातीचे ढीग टाकून जाते, तोच बांध. पावसाचं पाणी आलं, वितळलेल्या बर्फाचं पाणी आलं, तळं भरलं आणि 17 जूनच्या सकाळी बांध फुटला. जे पाणी महिनोन् महिने उतरायचं, ते काही मिनिटांत उतरलं. त्या आपत्तीत उत्तराखंडात 5,000 हून अधिक माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली. आपल्या महाराष्ट्रातले यात्रेकरूही त्यात होते.

मंदिराच्या मागं एक मोठी शिळा येऊन अडली. तिनं पाणी दोन्हीकडं वळवलं आणि मंदिर वाचलं. भाविक तिला भीमशिळा म्हणतात. माझाही तिला साष्टांग नमस्कार. पण त्या शिळेच्या दोन्ही बाजूंनी जे पाणी गेलं, त्यात माणसं होती. लहान लेकरं होती, घोडेवाले होते, आयुष्यभर पै पै साठवून आलेली म्हातारी माणसं होती. देव त्यांच्यावर कोपला असं ज्याला म्हणायचंय, त्यानं ते त्या लेकरांच्या आईसमोर उभं राहून म्हणावं. माझी जीभ उचलत नाही. (मंडपात शांतता)

देव कोपला म्हणणं सोपं असतं. त्यात आपली सुटका होते. देवानं केलं, देव बघून घेईल, आपण नारळ फोडून मोकळे. अहो, त्या दिवशीच्या पावसाचा सगळा दोष एकट्या माणसावर टाकता येणार नाही, पहाडात पूर आधीही येत होते. पण बर्फ मागं सरला की अशी कच्च्या बांधाची तळी वाढतात, मोठी होतात, आणि खालच्या गावांचा धोका वाढतो. महादेवानं जटा सोडलेली नाही. तिची गाठ आपण सैल करतोय.

आणि तुर्भ्याला याचं काय, असं म्हणू नका. जमिनीवरचा बर्फ, मग तो ग्रीनलंडचा असो, अंटार्क्टिकाचा असो की डोंगरावरचा, शेवटी समुद्रात जातो. 1901 पासून समुद्र 20 सेंटीमीटर चढला. थोडा पाणी तापून फुगल्यानं, बाकी बर्फाच्या पाण्यानं. म्हणजे जवळजवळ एक वीत! ठाण्याची खाडी इथून हाकेच्या अंतरावर. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला की खाडी नाल्याचं पाणी घेत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात ही वीत मिळवा.

मग करायचं काय? नाथ महाराज गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं. नाथांनी कावड त्याच्या तोंडात ओतली. रामेश्वर तिथंच पावला. गंगेचं पाणी कुणाचं? जो तहानलेला आहे त्याचं. आता आणखी कुणाकुणाला तहान लागायची आहे? तुमच्या नातवाला, त्याच्या नातवाला. त्यांची कावड आपल्या खांद्यावर आहे. ती वाटेत सांडायची नाही.

केदारनाथाला जा, जरूर जा. भीतीनं थांबू नका. पण प्रशासनानं आज वाट बंद म्हटलं तर बंद. अडून बसणं ही भक्ती नव्हे. पाय चालत असतील तर पायी चढा, गाडी असेल तर चौघं मिळून जा, आणि प्लास्टिकची एकही बाटली त्या पहाडात ठेवून येऊ नका. इथं घरी म्हणाल, तर अन्न टाकू नका. मार्केटात किती भाजीपाला सडतो, तुम्ही रोज बघता. तो ढिगात कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो, तो धुराच्या वायूहून कितीतरी जास्त तापवतो. उद्या काल्याच्या पंगतीत पानात लागेल तेवढंच घ्या. आणि मत मागायला येणाऱ्याला तुम्ही नळ विचारता, रस्ता विचारता, तसं हेही विचारा. मोठा धूर मोठ्यांचा आहे, त्यांना विचारलंच पाहिजे.

तुम्ही म्हणाल, "महाराज, माझ्या एका ताटानं हिमालय थांबणार आहे का?" नाही थांबणार. खोटं कशाला बोलू? त्याच अभ्यासकांचा हिशेब असा की, तापमानवाढ दीड ते दोन अंशांवर रोखली तरी हे शतक संपेपर्यंत हिमालयातला 30 ते 50 टक्के बर्फ जाईल. आणि आज चाललंय तसंच चाललं तर 80 टक्क्यांपर्यंत जाईल. काही गेलंच. पण या दोन आकड्यांच्या मध्ये जे उरतं, ती पुढच्या पिढ्यांची गंगा आहे. तेवढ्यासाठी तप करायचं आहे. आपलं तप वाढलं की पृथ्वीचा ताप कमी होतो, हे आजच्या कीर्तनाचं सार समजा.

अंशुमानाला गंगा दिसली नाही. दिलीपाला दिसली नाही. तरी त्यांनी तप सोडलं नाही, म्हणून भगीरथाला यश आलं. आपण अंशुमानाच्या जागी उभे आहोत, मायबाप. फळ आपल्या डोळ्यांना दिसणार नाही. पण आपण जागा सोडली तर पुढं भगीरथ उभा राहायचा कुठं?

झाली तेवढी सेवा विठुरायाच्या चरणी अर्पण करतो. माउली, सगळ्यांनी हात वर करून एकदा नाम घ्या. राम कृष्ण हरी!