दुबईतलं एका खोलीचं बिऱ्हाड

आज बोलायचंय ते दुबईत नव्यानं बिऱ्हाड मांडणाऱ्या आपल्या बायकांविषयी.

आपल्या रत्नागिरी-रायगडला आखात नवीन नाही. पूर्वी घरातला पुरुष एकटा जायचा आणि बाई इथं ड्राफ्टची वाट बघायची. आता काही तरुण जोडपी बरोबर जातात. आमच्या गटांतल्या बायकांच्या लेकी-सुना सुट्टीला आल्या की आम्ही त्यांना बैठकीत बसवतो, विचारतो आणि वहीत लिहून ठेवतो. पुढं जाणारीला ती वही कामाला येते. त्यातलंच थोडं आज सांगतो.

आधी पैशाचं बघू. तिथं भाडं वर्षाचं ठरतं आणि बहुतेक ठिकाणी पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. समजा, एका खोलीच्या घराचं, म्हणजे ज्याला स्टुडिओ म्हणतात त्याचं, वर्षाचं भाडं ४०,००० दिरहम ठरलं. चार चेक ठरले तर पहिला १०,००० चा. घरात सामान नसेल तर अनामत साधारण पाच टक्के, म्हणजे २,०००. दलालाचेही बहुधा तेवढेच. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटची अनामत २,०००. म्हणजे उंबरा ओलांडण्याआधीच १६,००० दिरहम गेले. भांडी, गादी, पडदे अजून यायचेत. शिवाय घरपट्टीसारखी एक रक्कम तिथं भाडेकरूच भरतो. ती वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के असते आणि दर महिन्याला वीजबिलातून येते. आपल्या उदाहरणात महिन्याला सुमारे १६७ दिरहम. नुसता भाड्याचा आकडा ऐकून "परवडेल" म्हणू नका. गटात कर्ज देताना आपण जसा सगळा हिशोब मांडतो, तसाच इथंही मांडा.

आता कागदाचं. भाडेकरार सरकारदरबारी नोंदवावा लागतो. त्या नोंदणीला 'इजारी' म्हणतात. अरबीत याचा अर्थ 'माझं भाडं'. आपल्याकडे जुन्या जमिनीच्या कागदांत 'इजारा' शब्द सापडतो, तो त्याच मुळातला. करार बहुधा नवऱ्याच्या नावानं असतो, कारण नोकरी त्याची आणि बायकोचा व्हिसाही त्याच्याच आधारावर. पण २०२२ पासून घरात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद 'दुबई रेस्ट' या ॲपवर भाडेकरूनं करायची असते. मैत्रिणींनो, हे आम्ही प्रत्येक जाणारीला दोनदा सांगतो. पडदे नंतर लावा, आधी आपलं नाव त्या नोंदीत आलंय का ते बघा. कराराचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवा. पासपोर्ट आपला, तो आपल्याजवळ. सात-बारावर नाव लागण्यासाठी आपण इथं किती खेटे घालतो! तिथं भाड्याच्या घरात मालकी कुठली आलीय, पण या घरात मी राहते हे कागदावर असणंही मोठं असतं. नवरा आजारी पडला, कामावर अडकला किंवा घरात वाद झाला, तर हातात काहीतरी लागतं.

स्वस्त पडतं म्हणून काही जण फळ्यांनी पाडलेल्या खोल्यांत राहायला जातात. परवानगीशिवाय असे भाग पाडणं तिथं बेकायदेशीर आहे. २०२५ मध्ये दुबई नगरपालिकेनं दाटीच्या वस्त्यांत अशा घरांवर कारवाई केली. आग लागली तर अशा घरातून बाहेर पडायला वाट सापडत नाही, हेही ध्यानात ठेवा.

घर ताब्यात आलं की पहिल्याच दिवशी भिंती, नळ, फरशी यांचे फोटो काढा. सोडताना अनामत परत मागायला ते उपयोगी पडतात. तिथल्या बायकांनी सांगितलेली आणखी एक गंमत. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. मग त्या गीझर बंद ठेवतात आणि त्यात घरातल्या गारव्यानं निवलेलं पाणी आंघोळीला घेतात! फोडणी देताना पंखा लावून घ्या, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. बाहेर दिसतील असे कपडे बाल्कनीत वाळत घालू नका. आणि लोणचं, पापड, डबे घरून विकायचं मनात आलं तर आधी परवान्याची चौकशी करा. इथल्यासारखं लगेच सुरू करता येत नाही.

सगळ्यात अवघड काय, असं विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, दुपार. नवरा कामावर, दार बंद, बाहेर ऊन आणि शेजारी कोण ते ठाऊक नाही. त्यावर त्यांचाच उपाय असा की पहिल्या आठवड्यातच एकटीनं बाहेर पडायचं. मेट्रोत बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो. प्रवासाचं 'नोल' कार्ड आपलं स्वतःचं घ्या. करामा, बर दुबईकडे कढीपत्ता, पोहे, कोकम सगळं मिळतं, आणि तिथंच कुणीतरी मराठी बोलणारीही भेटते.

शेवटी हे लिहून घ्या. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, अग्निशमन ९९७. इमारतीच्या दाराजवळ 'मकानी' नावाचा दहा आकडी क्रमांक लावलेला असतो. तो सांगितला की मदत नेमक्या दाराशी येते. आणि अडचणीत आपल्या माणसांशी बोलायचं असेल तर दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ८०० ४६३४२.

तुमच्या गावातली कुणी या वर्षी निघाली असेल, तर जाण्याआधी तिला गटाच्या बैठकीला घेऊन या. आणि कुणी परत आली असेल, तर तिलाही आणा. आमच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.