लेकरांचे दात आणि बोअरचे पाणी

आज पीकपाणी बाजूला ठेवून लेकरांच्या दातांविषयी बोलू. मातीचे नमुने घ्यायला एका गावी गेलो होतो. तिथे एका माउलीने विचारले, "साहेब, पोराची दाढ किडली, रात्रभर रडतंय. फ्लोराइडची पेस्ट आणू का? लोक म्हणतात, फ्लोराइडनं दात पिवळे पडतात." प्रश्न रास्त होता.

बोरॉनचे उदाहरण घ्या. पिकाला तो चिमूटभर लागतो. मात्रा वाढली की पाने करपतात. फ्लोराइडचेही तसेच. गोड खाल्ले की तोंडातले जंतू त्याचे आम्ल करतात आणि दाताचे वरचे कवच झिजते. फ्लोराइड ते कवच पुन्हा घट्ट करायला मदत करते. पण दात हिरडीत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, ते पोटात जास्त गेले तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. पुढे वर्षानुवर्षे तसेच पाणी प्याल्यास हाडेही दुखावतात.

म्हणून आधी पाणी तपासा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालते. नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत पाठवा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट दाट होते. प्रमाण जास्त निघाले तर पिण्यापुरते पाणी दुसरीकडून आणा, आणि लहानग्यांच्या पेस्टविषयी दंतवैद्याला विचारा.

पाणी ठीक असेल, तर एवढे करा:

१. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा.
२. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्या. घासताना मोठ्या माणसाने जवळ थांबावे.
३. पेस्ट गिळू देऊ नका, थुंकायला शिकवा. नंतर खळखळून चुळा भरू नयेत.
४. गोळ्या-चॉकलेट येताजाता नको. मिश्री तर मुळीच नको, ती तंबाखूच आहे.
५. सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ दुधाची नसते. ती गेली की पुन्हा येत नाही. तिला जपा.

त्या माउलीला मी हेच सांगितले: पेस्ट आणा, पण आधी बोअरचे पाणी तपासा. आणि किडलेली दाढ दंतवैद्याला दाखवा. किडीने पडलेले भोक पेस्टने बुजत नाही.