भीतीची साक्ष



रविवारच्या उपदेशात एक आकडा अधूनमधून कानांवर पडतो. पवित्र शास्त्रात ‘भिऊ नको’ हा दिलासा 365 वेळा आला आहे, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक! मोजायला बसले तर हिशेब जुळत नाही. पण आकडा गोड आहे, ऐकणाऱ्याला धीर येतो, मग मोजतो कोण? खरी अडचण वेगळीच आहे. हे वाक्य व्यासपीठावरून इतक्या सहज फेकले जाते की भिणाऱ्याला आपल्या विश्वासातच खोट आहे असे वाटू लागते. तो मान डोलावतो आणि भीती तशीच घरी घेऊन जातो. गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः व्याकूळ झाला होता, हे त्याला त्या क्षणी कोणी सांगत नाही.

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांनी ही लपवाछपवी केली नाही. बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतला. त्याआधी मन कधीच वळले होते, पाऊल मात्र पडत नव्हते. घरचे काय म्हणतील, जातवाले काय करतील, ही घालमेल ‘अरुणोदय’मध्ये आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा तर पायाच भीतीचा. 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारच्या जिनसाही धुतल्याशिवाय घरात येईनात. असल्या घरात वाढलेल्या बाईच्या नवऱ्याने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची काही वर्षे ताटातुटीची, पदरात लहान मुलगा. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये. पण त्याआधीच जात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांच्या मनात उतरले होते आणि कोणाच्याही हातचे पाणी त्या पिऊ लागल्या होत्या. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. विटाळाचे भय धर्मांतराच्या विधीने एका सकाळी धुऊन निघाले नाही. ते हळूहळू गेले, हसत-रडत गेले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यातले हसूही लपवले नाही.

पंडिता रमाबाईंची भीती याहून जुनी होती. ती पोटातली होती. 1874 मध्ये दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. उरलेली दोन भावंडे उपाशीतापाशी देशभर भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. 1896 मध्ये मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा उपास म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुसरीकडे, त्यांच्या आश्रमाला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी 1898 मध्ये संपणार होती. हाताशी पैसा बेताचाच. व्यवहार पाहणाऱ्याने दार लावून घेतले असते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, बालविधवा घेऊन परतल्या.

ब्रिस्टलला कोणाकडे पैसा न मागता अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. देव पुरवील, ही त्यांची श्रद्धा साधी होती; कारभार मात्र भोळा नव्हता. केडगावला जमीन घेतली होती, तिथे विहिरी खणल्या, शेती केली, पुढे हातमाग आणि छापखाना आला. प्रार्थना झाली की पहार उचलायची, अशी ही केडगावच्या मुक्ती मिशनची रीत. ‘देवावर सोडले’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी केडगाव एकदा जरूर पाहावे.

आणि सरकारचे भय? 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. रमाबाईंकडची एक मुलगी सरकारी प्लेग व्यवस्थेत नेली गेली आणि हाती लागेना. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून त्या व्यवस्थेतली अनागोंदी चव्हाट्यावर आणली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते रमाबाईंच्याच धर्माचे होते, मिशनऱ्यांशी संबंध जपायचे होते, शेकडो मुलींचा सांभाळ अंगावर होता. गप्प बसायला एवढी कारणे पुरेशी होती. या पत्राची आठवण मंडळ्यांमध्ये फारशी निघत नाही, दुष्काळाची निघते. देवावरच्या भरवशाने आलेले धैर्य साहेबापुढेही टिकते, ही गोष्ट उपदेशात बहुधा गैरसोयीची ठरत असावी.

तो भरवसा दरवेळी फळाला आला, असेही नाही. रमाबाईंनंतर मुक्ती सांभाळायची होती ती त्यांची मुलगी मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधीच गेली. रमाबाईंचे बायबलच्या भाषांतराचे काम त्यानंतरही थांबले नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या.

आजच्या मंडळ्यांतल्या साक्षी मात्र एकाच साच्याच्या झाल्या आहेत: आजार आला, प्रार्थना केली, आजार गेला. कोविडच्या काळात ज्यांचा माणूस परतला नाही त्यांनी ती रात्र कशी काढली, ते कुठे छापून येते? 1842 पासून चालत आलेला ‘ज्ञानोदय’, 1903 मध्ये सुरू झालेला ‘निरोप्या’, वसईची ‘सुवार्ता’ यांच्या संपादकांना या व्यासपीठावरून एक विनंती आहे. अशा माणसांकडे लेख मागावेत, आणि लेखात शेवटपर्यंत भीतीच असली तरी वरून दिलाशाचा परिच्छेद न जोडता तो तसाच छापावा.