स्वीडनमधला बाजारहाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, आणि शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाईंनी फारच आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. २०२४ च्या मे महिन्यात मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी स्वीडन देशात गेले आणि अडीच महिने राहिले. प्रेक्षणीय स्थळे फारशी पाहिली नाहीत. पाहिला तो बाजार. त्याचेच चार शब्द सांगते.

बहिणीचे गाव लुडविका. स्टॉकहोमहून आगगाडीने तीनएक तासांवर, तळ्याच्या काठी. विजेची मोठी यंत्रे बनवणारा जुना कारखाना तिथे आहे, म्हणून आपल्याकडचे इंजिनियरही बरेच. गाव लहान, पण किराणामालाची दुकाने केवढी तरी मोठी! आणि आत शिरावे तर शांतता. "ताई, इकडे या" अशी हाक नाही, घासाघीस नाही, भाजीवर कढीलिंबाची काडी मागून घेणे नाही. कोथिंबीर तर कुंडीसकट, मातीसकट विकतात. आपल्याकडे बाजारात जाऊन आले की चार माणसांशी बोलणे होते. तिथे भरल्या पिशवीने आणि मिटल्या तोंडाने घरी यावे.

भाषेचे भय मात्र दोन दिवसांत गेले. फळीवरच्या चिठ्ठीवर वस्तूची किंमत असते आणि जवळच बारीक अंकांत किलोला किंवा लिटरला काय पडते तेही छापलेले असते. मोठा पुडा स्वस्त की लहान, हे कोणाला विचारायला नको. सातवीचे गणित तिथे पुरून उरले! दुधाची खोकी मी रंगावरून ओळखू लागले: तांबडे ३ टक्के स्निग्धांशाचे, हिरवे दीड टक्क्याचे, निळे अर्ध्या टक्क्याचे. शेजारीच 'फिलम्योल्क' नावाचे आंबवलेले दूध असते. त्याची कढी छान होते. पैसे देण्याच्या जागी मुलगी बसलेली असते. ती 'हेय' म्हणते आणि शेवटी 'तक्', म्हणजे आभार. मला ते 'ताक' ऐकू येई आणि हसू येई. सामान आपले आपणच भरायचे. पिशवी घरून न्यावी, कारण त्या वर्षी प्लॅस्टिकच्या पिशवीवर सरकारी कर होता आणि एका पिशवीला आपले पन्नासएक रुपये पडत. तो कर त्याच वर्षी नोव्हेंबरात उठला.

आता जे मनाला लागले ते सांगते. मी जाताना भिशीचे पैसे बदलून तिकडच्या नोटा घेतल्या होत्या. परक्या घरी सारखे मेहुण्यांपुढे हात पसरायला नको, एवढाच हेतू. नोटाही किती सुरेख! वीस क्रोनरच्या नोटेवर मुलांच्या गोष्टी लिहिणारी आस्ट्रिड लिंडग्रेन, शंभराच्या नोटेवर नटी ग्रेटा गार्बो, पाचशेच्या नोटेवर गायिका बिर्गिट निल्सन. तीन-तीन बायका! एके दिवशी बाळंतिणीला पाव आणायला एका बेकरीत गेले, तर दारावर पाटी: रोख घेत नाही. मुलगी अगदी नम्रपणे "सॉरी" म्हणाली. पर्समध्ये पैसे होते, समोर ताजा पाव होता आणि मी रिकाम्या हाताने परतले. तिकडे फोनवरून पैसे देण्याची 'स्विश' नावाची सोय आहे, पण तिला तिथल्या बँकेतले खाते लागते. पाहुणीला ते कुठले? युरोपात कागदी नोटा पहिल्याने काढल्या त्या याच देशाने, १६६१ साली. आणि आज तिथेच नोट कोणी घेईना! बहीण म्हणाली, "ताई, यांचे कार्ड घेऊन जा." मी नेले, पण दर खरेदीची खबर मेहुण्यांच्या फोनवर जाई. ते बोलणारे नव्हेत, देवमाणूस. तरी मला अवघडल्यासारखे होई. किराणामालाच्या मोठ्या दुकानात मात्र नोटा घेत, म्हणून पुढे मी तिथेच जाऊ लागले. मी परत आल्यावर त्याच नोव्हेंबरात तिथल्या सरकारने घरोघर पुस्तिका पाठवली, की संकटकाळासाठी घरात थोडी रोकड असू द्या. बहिणीने फोनवर सांगितले तेव्हा मी म्हटले, आमचा तांदळाचा डबा काय वाईट होता?

तिथल्या बाजारात पुरुष फार दिसतात, बाबागाडी ढकलणारे. बाळासाठी आईबापांना मिळून ४८० दिवसांची भरपगारी नव्हे, पण पगाराच्या बऱ्याच मोठ्या भागाची रजा मिळते, आणि त्यातले नव्वद दिवस बापानेच घ्यायचे असतात. त्याने न घेतले तर बुडाले. दारूचे दुकान सरकारी, रविवारी बंद. १९५५ पर्यंत दारूसाठी शिधापुस्तक असे आणि लग्न झालेल्या बाईला ते सहसा देत नसत, असे शेजारच्या आजीबाईंनी बहिणीला सांगितले. ऐकून आम्ही दोघी खूप हसलो.

सर्वांत नवल वेलचीचे. आपण ती खिरीत, श्रीखंडात घालतो. तिथे गोड पावात घालतात, तीही सढळ हाताने. केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत, आणि डिसेंबरात त्याचेही पाव होतात.

ज्या मैत्रिणी पुढे लेकीसुनांकडे तिकडे जाणार असतील, त्यांनी वेलची नेण्याची यातायात करू नये. तूप, खवाही नेऊ नये. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिकडे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. हिंग मात्र न्यावा, घट्ट झाकणाच्या डब्यात. लुडविकाच्या दुकानांत तो मला कुठेच दिसला नाही.